ॲम्पचं हमिंग आणि अठ्ठेचाळीस मिनिटं



मागच्या वेळी चातुर्मासासाठी सुकवणी कशी करून ठेवायची ते लिहिलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी गवारीच्या सुकवणीबद्दल विचारलं आहे, ते पुढच्या वेळी. आज विषय थोडा वेगळा आहे. तुम्ही म्हणाल, या वयात ही बाई विजेच्या भानगडीत कुठे पडली? पण ज्यांच्या घरात जुनी गाण्यांची मशीन आहे आणि ती मशीन जिवापाड जपणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना हे उपयोगी पडेल. आणि ज्यांच्याकडे मशीन नाही, नुसते गृहस्थ आहेत, त्यांनाही.

आमच्याकडे एक ॲम्प्लिफायर आहे. ह्यांनी १९८६ मध्ये पुण्याला बुधवार पेठेत तापकीर गल्लीतल्या एका कारागिराकडून बांधून घेतलेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, कापडदुकान नुकतं स्थिरावत होतं, आणि मी बी.कॉम. झालेली असल्यामुळे वही माझ्याकडे होती. त्या महिन्याच्या जमाखर्चात मी 'गाणी' असं एक खातं उघडलं आणि सासूबाईंना दाखवलं नाही. सोबत दोन मोठे स्पीकर, एक तबकडी वाजवायचं यंत्र. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या आणि गेल्या, आता टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही त्यालाच जोडला आहे. ॲम्प मात्र तोच. बारा-तेरा किलोचं लोखंडी धूड, सागवानी कपाटात बसलेलं.

गेली दोनेक वर्षं त्यातून घूंऽऽ असा आवाज यायचा. दुरुस्तीवाले त्याला हमिंग म्हणतात. दिवसा नेवाशात आवाजांची काय कमी? दुकानासमोरचे ट्रॅक्टर, एकादशीला ज्ञानेश्वर मंदिराकडे निघालेल्या दिंड्या, बाजाराची गर्दी. त्यात तो बुडून जायचा. रात्री मात्र जाणवायचा. ह्यांचं म्हणणं, ॲम्प म्हातारा झाला, गाणी पूर्वीसारखी लागत नाहीत, नवा घेऊ. मुलीने पुण्याहून भाव काढला, अठ्ठावीस हजार. मी म्हटलं, आधी दोष कळू दे, मग खर्च.

त्यावरून घरात कुरबूर सुरू झाली. मी काही बोलले की हे "काय?" म्हणायचे. पुन्हा बोलले की "काय?" आणि तिसऱ्यांदा मी चढ्या आवाजात बोलले की "ओरडतेस कशाला?" मी मुलीला फोनवर सांगायचे, तुझे पप्पा माझं ऐकतच नाहीत. चाळीस वर्षांत कधी ऐकलं नाही, आता तर मुळीच नाही. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब मात्र वहीत नाही.

मागच्या वर्षीच्या माघातली गोष्ट. पहाटे पाचला उठून मी सामायिकाला बसले. आसन अंथरलं, मुहपत्ती बांधली, पाठ म्हणून सामायिक घेतली, रेतीचं घड्याळ उलटं केलं. दोन मिनिटं झाली असतील, आणि लक्षात आलं की घूंऽऽ चालू आहे. मान वळवली तर कपाटात लाल दिवा. हे रात्री गाणी ऐकता ऐकता तसेच झोपायला गेले होते, ॲम्प चालूच.

आता तुम्हाला काय सांगायचं? सामायिकात विजेच्या बटनाला हात लावायचा नाही. तेउकायाची विराधना. बरं, ह्यांना हाक मारून बंद करायला सांगावं, तर करायचं नाही तसं करवायचंही नाही, हेच तर आपण घेतलेलं असतं. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं मी आणि तो घूं, समोरासमोर.

माळ हातात होती पण मन आवाजाकडे. आधी राग आला, मग आणखी राग आला. सामायिकाच्या बत्तीस दोषांपैकी मनाचे जे दहा आहेत त्यातले निम्मे माझ्याकडून पहिल्या पंधरा मिनिटांत झाले असतील. मग म्हटलं, आवाजाला वाईट म्हणू नकोस, चांगलंही म्हणू नकोस, आहे तसा ऐक. आणि तसं ऐकायला लागल्यावर जाणवलं की तो एक आवाज नाहीच. एक जाडसर, किंचित घरघरणारा, कपाटाच्या फळीतून येणारा. माझ्या आसनाखालच्या फरशीतही तो कळत होता. दुसरा मऊ, सपाट, दोन्ही स्पीकरांच्या जाळीतून येणारा. पहिला मध्येच वाढायचा, कमी व्हायचा. दुसरा आहे तेवढाच.

सामायिक पारली. दोषांचं मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. मग उठून ॲम्प बंद केला आणि वहीत लिहिलं: आवाज दोन. जागा दोन. म्हणजे कारणंही दोन असणार.

नेवासा फाट्यावर एक जुने मिस्त्री आहेत. रेडिओच्या काळापासून हेच काम. मी त्यांना माझं टिपण सांगितलं तर म्हणाले, "ताई, अर्धं काम तुम्हीच केलंत. लोक नुसतं 'आवाज येतो' सांगतात." दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन घरी आले. त्यांनी ज्या क्रमाने तपासलं तो क्रम मी इथे देते. ॲम्पचं झाकण उघडायचं नाही, एवढी अट पाळून तुम्हीही तपासू शकता.

पहिली परीक्षा. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढायच्या, मग चालू करायचा. तरी आवाज येत असेल तर तो डब्यातला आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचा. डब्यावर तळहात ठेवला की थरथर कळते.

दुसरी परीक्षा. पुन्हा बंद करून स्पीकर जोडायचे आणि आवाजाची खुंटी शून्यावर ठेवून चालू करायचा. शून्यावरही स्पीकरमधून घूं येत असेल, तर बहुतेक वेळा दोष ॲम्पच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या भागात असतो.

तिसरी परीक्षा. खुंटी वाढवली की घूंही वाढतो का? वाढत असेल तर तो बाहेरून, जोडलेल्या वायरींतून आत येतोय. एकेक वायर काढत जायचं. ज्या वायरीला तो थांबेल, तिथे चोर. तबकडीच्या यंत्राला एक बारीक वेगळी अर्थची वायर असते, ती सुटलेली असली तरी असाच आवाज येतो.

आमच्याकडे तिन्ही निघाले!

आता पहिला आवाज का येतो ते मिस्त्रींनी फार छान समजावलं. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. प्रत्येक फेऱ्यात लोखंडात चुंबकत्व दोनदा चढतं, एकदा या दिशेने, एकदा त्या. चुंबकत्व चढलं की लोखंडाची लांबी अगदी किंचित बदलते. किंचित म्हणजे मीटरभर पट्टीत फार तर काही मायक्रॉन. पण सेकंदाला शंभर वेळा. म्हणून प्रत्येक ट्रान्सफॉर्मर थोडा गुणगुणतोच, रस्त्यावरच्या डीपीपासून आपल्या घरातल्या स्टॅबिलायझरपर्यंत. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एकसंध नसतं, पातळ पत्र्यांची चळत असते. त्या पत्र्यांना स्टॅम्पिंग म्हणतात. ती चळत वार्निशने चिकटवलेली असते. अडतीस वर्षांत वार्निश वाळून गेलं, पत्रे सैल झाले, आणि गुणगुणण्याची घरघर झाली. त्यात ॲम्प सागवानी फळीवर. फळी म्हणजे तबल्याची पुडीच, आवाज वाढवून देते.

आणि तो पहाटे वाढायचा का? मिस्त्रींनी मीटर लावला. दुपारी २१५, रात्री अकरानंतर २५४. दिवसा शेतीपंपांचा, गावाचा भार असतो, मध्यरात्रीनंतर भार उतरतो आणि दाब चढतो. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर मात्र २२० च्या टोकावर जोडलेला. जास्त दाब म्हणजे लोखंडाला सोसेल त्याहून जास्त चुंबकत्व, म्हणजे जास्त ओरड. आत २४० चं एक मोकळं टोक होतंच, १९८६ च्या त्या कारागिराने ठेवलेलं. त्याला जोडणी केली. ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन पुन्हा वार्निशात बुडवून भट्टीत वाळवला. बसवताना स्क्रूंखाली रबरी बुश घातले आणि ॲम्पच्या पायांखाली पाट्याखाली घालतो तसे जाड रबराचे तुकडे.

दुसरा आवाज, स्पीकरमधला. आतमध्ये वीज उलटसुलटची एकमार्गी करतात, तेव्हा ती सलग नसते, सेकंदाला शंभर उमाळ्यांनी येते. नळाला पाणी भस्‌भस् करत येतं पण आपण टाकीत साठवून टाकीच्या नळाने एकसारखं घेतो ना, तसं तिथे मोठे कंडेन्सर टाकीचं काम करतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असतं. उष्णतेने आणि वयाने ते वाळतं, टाकी लहान होते आणि उमाळे थेट स्पीकरपर्यंत पोहोचतात. दोन नवे कंडेन्सर घातले, ४७०० मायक्रोफॅरडचे. इथे एक ताकीद: ॲम्पची पिन काढली तरी या कंडेन्सरमध्ये वीज काही काळ साठून राहते. झाकण उघडून बघण्याचा मोह घरातल्या पुरुषमंडळींना होतो. होऊ देऊ नका.

तिसरा आवाज मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न होता. टीव्ही जोडल्यावर वेगळाच घूं यायचा. वर्षभरापूर्वी एका मुलाने तो पाच मिनिटांत घालवून दिला होता. कसा, तर ॲम्पच्या प्लगची तिसरी, जाड पिन कापून. आवाज कमी झाला, आम्ही खूश. त्यानंतर ओल्या फडक्याने ॲम्प पुसताना मला बोटांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचे, संधिवात असेल.

मिस्त्रींनी प्लग बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, ताई, ही पिन आवाजासाठी नसते, तुमच्यासाठी असते. आत कधी वायर सुटून डब्याला लागली, तर वीज या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर ती वाट बघत बसते, कोण हात लावतंय त्याची.

मग तो आवाज मुळात का येत होता? ॲम्पला जमीन मिळते घरच्या अर्थिंगमधून. केबलची वायर खांबावरून दुसरीच जमीन घेऊन येते. दोन जमिनींचा दाब सारखा नसतो. दोन विहिरींची पातळी वेगळी असली आणि मध्ये नळी टाकली की पाणी वाहणारच. इथे ती नळी म्हणजे टीव्हीपासून ॲम्पपर्यंतची वायर. उपाय म्हणजे त्या वायरीत एक काड्यापेटीएवढी डबी बसवायची. तिच्यात इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकातून पलीकडे जातो, वायर मात्र जोडलेली नसते. शिवाय टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प एकाच बोर्डावर घ्यायचे. पिन पुन्हा बसवली. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडेही बघितलं. मीठ-कोळसा घालून केलेला तो खड्डा ठणठणीत कोरडा होता. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना त्यालाही एक बादली घालते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मिक्सर, इस्त्री, गिझर, कशाचीही तिसरी पिन कापलेली असेल तर आजच बदलून घ्या. आणि पुसताना मुंग्या येत असतील तर त्याला संधिवात म्हणू नका.

पुण्याला मुलीकडे नवा ॲम्प आहे, त्याचीही गंमत सांगते. त्यातला ट्रान्सफॉर्मर गोल, हंड्याखालच्या चुंबळीसारखा. हे गोल ट्रान्सफॉर्मर एरवी चौकोनीपेक्षा शांत असतात, पण नाजूक. नात केस वाळवायचा ड्रायर अर्ध्या वेगावर लावायची की ॲम्प गुरगुरायचा. पूर्ण वेगावर लावला की गप्प. काही ड्रायर अर्ध्या वेगाला विजेच्या लाटेचा अर्धाच भाग वापरतात, त्यामुळे घरातली लाट एका बाजूला किंचित झुकते, आणि गोल ट्रान्सफॉर्मरला तेवढंही सोसत नाही. त्यावर उपाय म्हणून पुरवठ्याच्या वाटेत घालायचा एक भाग मिळतो, जाणकाराकडून बसवून घ्यावा. आमच्या नातीने सोपा उपाय केला. ती केस उन्हात वाळवते.

आता आमचा हिशेब. कंडेन्सर दोन, २६० रुपये. वार्निश आणि भट्टी ३५०. रबरी बुश ४०. टीव्हीच्या वायरीतली डबी ४५०. प्लग आणि नवी वायर १२०. मिस्त्रींची मजुरी ६००. एकूण १,८२० रुपये. अठ्ठावीस हजारांच्या जागी. वहीत मी अडतीस वर्षांनी पुन्हा 'गाणी' खातं काढलं आणि यावेळी ह्यांना दाखवलं.

त्या रात्री पंडित भीमसेन जोशींची तबकडी लावली. सुट्टीला आलेल्या नातवाने आधी फोनवर आवाज मोजायचं काहीतरी उतरवून घेतलं होतं. दुरुस्तीच्या आधी त्यात १०० वर एक उंच काठी उभी राहिली होती, २०० आणि ३०० वर लहान काठ्या. आता जवळजवळ काही नाही. त्यावरून त्याने हिशेब केला. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची पहिली तार, मंद्र पंचम, साधारण १०४ ला असते. आमचा घूं होता १०० ला. म्हणजे इतकी वर्षं मिरजेच्या त्या सुंदर तानपुऱ्याशेजारी कोणीतरी कणभर उतरलेला पंचम धरून बसलं होतं. मला तर अंगावर काटा आला. गाणं इतकं मोकळं, तारांची जवारी अशी झणझणीत. डोळे मिटून मी ऐकत राहिले.

डोळे उघडले तर हे ॲम्पपाशी वाकलेले. झणझणाटाची खुंटी पूर्ण उजवीकडे, आवाजही वाढवलेला. म्हणाले, "घूं गेला. पण गाणं अजून दबलेलंच आहे."

मी म्हणणार होते, तुमचं समाधान कधी झालंय? तोंडाशी आलेलं वाक्य होतं. पण त्याच आठवड्यातल्या दोन गोष्टी आठवल्या. एक, मी साखर मागितली आणि ह्यांनी भाकरी आणून दिली. आम्ही दोघं खूप हसलो होतो. दुसरी, दिवाणखान्यातला फोन वाजून वाजून बंद झाला, आणि हे शेजारीच बसलेले.

आणि मग स्थानक आठवलं. आमच्याकडे येणारे बरेचसे साधू-साध्वीजी माइक वापरत नाहीत. हे आयुष्यभर व्याख्यानाला मागे, खांबाला टेकून बसायचे. दोन चातुर्मास झाले, पुढे पाटाजवळ बसायला लागले. मी मनात म्हणायचे, चला, उतारवयात भाव वाढला. एकीला सांगितलंही होतं अभिमानाने.

नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या बंद खोलीत बसवून कानात एकेक सूर सोडतात, २५० पासून ८००० पर्यंत, आणि ऐकू आला की बटन दाबायचं. मग कागदावर रेघ काढून देतात. ह्यांची रेघ सुरुवातीला चांगली सरळ, दोन हजारांच्या पुढे डोंगराच्या कड्यासारखी खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाने बहुतेकांचं असंच होतं, बारीक आवाज आधी जातात. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येतात. स, श, फ यांचा आवाज बारीक आणि क्षीण. ते गळले की कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. माणूस म्हणतो, लोक पुटपुटतात.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. म्हणजे शंभराचा तो घूं ह्यांना माझ्याइतकाच स्वच्छ ऐकू येत होता. गाण्याचा मात्र वरचा अर्धा भाग नव्हता. जाड घूं होता, बारीक जवारी नव्हती, म्हणून ह्यांच्यासाठी घूं गाण्याला झाकून टाकत होता. ह्यांची तक्रार अगदी खरी होती. आणि ॲम्प दुरुस्त होतो ही माझी गोष्टही खरी होती. अनेकांतवाद आपण पाठशाळेत हत्ती आणि सात आंधळ्यांच्या गोष्टीतून शिकलो, आणि ती गोष्ट ऐकताना प्रत्येकाला वाटतं आपण त्या सातांपैकी नाही.

"सांगितलं का नाहीत?" मी गाडीत विचारलं. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं ॲम्प बिघडलाय. बरंच झालं असतं तो बिघडला असता तर." थोड्या वेळाने म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक मीटर सांगतं ते दोनदा विचारायला लागायचं. पोरगं गल्ल्यावर बसायला लागलं म्हणून मी उठलो, असं सगळ्यांना सांगितलं." घोडेगाव मागे पडेपर्यंत मी काही बोलू शकले नाही.

कानातलं यंत्र घ्यायला ह्यांनी तीन महिने घेतले. चष्मा लावताना कोणी लाजत नाही, यात काय लाजायचं हे मी समजावून थकले. शेवटी नातवाने सांगितलं, आजोबा, हाही एक छोटा ॲम्पच आहे, आत माइक, आत ॲम्प, आत स्पीकर. ते पटलं.

आणि पहिल्याच संध्याकाळी काय झालं असेल? यंत्र कानात घालून हे ऐटीत ॲम्पशेजारच्या खुर्चीत बसले आणि ओरडले, "घूं परत आला!" मला काही ऐकू येईना. नातवाच्या फोनवर काठी नाही. क्षणभर मला वाटलं, आता हे काय नवीन. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या हसल्या. काही यंत्रांत तारेचं एक बारीक वेटोळं असतं, टेलिफोनचा आवाज सरळ चुंबकातून पकडण्यासाठी. चुकून ते चालू राहिलं होतं. ट्रान्सफॉर्मरभोवती जे चुंबकत्व पसरतं ते त्या वेटोळ्याने पकडलं, आणि ह्यांना तो आवाज ऐकू येऊ लागला जो खोलीत नव्हताच. त्यांनी सांगितलेलं बटन दाबलं, घूं गेला. तुमच्याकडे कोणी यंत्र वापरत असेल आणि ॲम्प, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर यांच्याजवळ गुणगुण येत असेल, तर यंत्र बिघडलं म्हणून काढून ठेवू देऊ नका. आधी ते बटन बघा, नाहीतर खुर्ची चार फूट सरकवा.

आता ॲम्प पूर्ण शांत आहे का? नाही. पहाटे दाब चढला की कपाटाला कान लावल्यावर थोडं गुणगुणणं असतंच. मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, लोखंड आहे, वीज आहे, थोडं बोलणारच. माझ्या आसनापर्यंत ते येत नाही. तरी रात्री झोपण्यापूर्वी बटन बंद करण्याचं काम आता मी माझ्याकडे घेतलं आहे.

या संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर आपण सगळ्यांना म्हणतो तसं ह्यांनाही मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. दरवर्षी म्हणते, हात जोडून, घाईघाईत, पारण्याच्या तयारीच्या विचारात. यावर्षी थांबून सांगितलं, कशाबद्दल ते. तुम्ही ऐकत नाही असं मी चारचौघांत म्हटलं, मुलीला सांगितलं, जावयांसमोरही एकदा बोलले. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं नाही, कारण मी ऐकत नव्हते.

हे सगळं मी सवयीने मोठ्याने, तोंड ह्यांच्या कानाजवळ नेऊन बोलले. ह्यांनी एक हात कानातल्या यंत्रावर धरला आणि म्हणाले,

"अगं, हळू बोल. सगळं ऐकू येतंय."